मेट्रनची नऊ वळणं

मीटरकाकांच्या घरात दिवा उगीच जळत राहिला असं कधी झालं नाही. तुम्ही त्यांच्याकडे चहाला गेलात आणि कप हातात घेऊन बाहेरच्या खोलीतून गॅलरीत सरकलात, की तुमच्या मागं बटण खटकन बंद झालंच म्हणून समजा. पाहुणा असो, व्याही असो, कुणाची भीडभाड नाही. न्हाणीघरात जरा जास्त वेळ लागला, तर आतल्या माणसावर डोळ्यांत साबण घेऊन अंधारात हाका मारायची पाळी यायची. बटण बाहेर होतं आणि काकाही बाहेरच असायचे.

वीज कंपनीत जन्मभर मीटर वाचायचं काम केलेला माणूस. लोकांच्या जिन्याखाली, दारामागं, जळमटांत मान वाकडी करून आकडे टिपण्यात उमेदीची सगळी वर्षं गेली. बिल जास्त आलं म्हणून कुणी भांडायला आलं की काकांचं उत्तर ठरलेलं. "मीटर खोटं बोलत नाही." समोरचा कितीही तापला तरी तेवढंच. आणि खरं सांगायचं तर ते बोलायचा त्यांना हक्क होता. घराला कुलूप दिसलं की बाकीचे लोक सरासरी बिल लावून मोकळे व्हायचे, म्हणजे मागच्या महिन्यांवरून अंदाजानं आकडा टाकायचा आणि पुढच्या दाराकडे वळायचं. काकांनी ते कधी केलं नाही. पुन्हा जायचे, शेजाऱ्याकडून किल्ली मागायचे, एकदा तर कुंपणावरून उतरताना पँट पार फाडून घेतली, पण आकडा डोळ्यांनी पाहूनच टिपला. या गोष्टीचा त्यांना फार अभिमान होता, आणि तो लपवून ठेवायची त्यांना सवय नव्हती.

दुसरा अभिमान म्हणजे बायको. ती इस्पितळात मेट्रन होती. निवृत्त झाली, निरोपाचा हार सुकला, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. गल्ली तिला मेट्रन म्हणायची, दूधवाला मेट्रन म्हणायचा, काकासुद्धा घरात "मेट्रन, चहा टाकतेस का?" असंच विचारायचे. वॉर्डातल्या शेवटच्या खाटेपर्यंत गेल्याशिवाय तिची फेरी कधी संपली नाही. शेवटच्या खाटेवरचा झोपलेला असला तरी ती जाणार, पांघरूण पाहणार आणि मगच परत फिरणार. अशा बाईला निवृत्तीनंतर घरात बसवेना. पायांना सवय आहे, त्यांना काहीतरी काम द्यायला हवं, असं म्हणून ती आधी चालायला लागली आणि मग पळायला.

सुरुवातीला लोकांनी चेष्टा केली. कोण मागं लागलंय, मेट्रन, असं विचारलं. पुढं पुढं विचारणाऱ्यांना दम लागायला लागला आणि ती पुढं निघून जायला लागली, तशी चेष्टा आपोआप थांबली. काका मात्र थांबले नाहीत. न्हाव्याकडे गेले की बोलणं कुठूनही सुरू होवो, हवेपासून होवो की कोथिंबिरीपासून, शेवटी गाडी "आमची मेट्रन परवा डोंगर चढून आली, पळत" याच ठेसनात यायची. न्हावी बिचारा कात्री चालवत हूं हूं करायचा.

मग परगावी नोकरी करणाऱ्या लेकीनं आईला घड्याळ पाठवलं. मनगटावर बांधायचं, आकाशातल्या उपग्रहांशी बोलणारं, आपण कुठून कुठे पळालो ते टिपून फोनवर नकाशा काढून दाखवणारं. घड्याळ दिलं आईला, पण त्याच्या सेवेला लागले वडील. ज्या ज्या वस्तूला चार्जर असतो ती ती वस्तू आपल्या अखत्यारीत, असा काकांचा घरातला नियम होता. मेट्रन पळून आली की घड्याळ मऊ फडक्यानं पुसायचं, फोनला जोडायचं, नकाशा पाहायचा आणि फळीवर नीट ठेवायचं. बॅटरीचा रंग लाल झाल्याशिवाय चार्जिंगला लावायचं नाही, हाही त्यांचाच नियम. "लोकांची घड्याळं आठवड्यात दोनदा तारेला लटकवावी लागतात," ते न्हाव्याला सांगायचे. "आमचं महिन्यातून एकदा. वस्तू वापरायची रीत असते." न्हाव्याला ते पटलं असावं, कारण त्यानं कात्री थांबवून मान डोलावली.

एवढं सगळं सुरळीत चालू असताना एका संध्याकाळी कप्तान घरी आले.

कप्तान म्हणजे खरं तर दातांचे डॉक्टर. पळणाऱ्यांच्या मंडळाचा कारभार त्यांच्याकडे होता म्हणून सगळे त्यांना कप्तान म्हणत. भला माणूस, नियमाचा पक्का, आणि बोलणं इतकं हळू की समोरच्यानं नकळत आ वासावा. त्या वर्षी मंडळाचा संघ डोंगरशर्यतीला जायचा होता. चौघांनी मिळून पळायची शर्यत. एकानं आपला टप्पा संपवून दुसऱ्याच्या हातात काठी द्यायची, आणि चौथ्यानं शेवटी डोंगररस्त्यानं वर पाण्याच्या टाकीपर्यंत चढायचं. तो शेवटचा टप्पा सगळ्यांत अवघड, म्हणून मानाचाही. मेट्रनला तोच हवा होता. इच्छुकांनी आपापल्या सोयीनं सकाळी डोंगररस्ता पळून घड्याळातला नकाशा कप्तानांना पाठवायचा आणि ज्याची वेळ चांगली त्याला टप्पा, असं ठरलं होतं. मेट्रनची वेळ सगळ्यांत चांगली आली होती. बँकेतल्या कॅशियरबाई दुसऱ्या, आणि त्या तर मेट्रनच्या लेकीच्या वयाच्या.

"मॅडम, राग मानू नका," कप्तान म्हणाले आणि त्यांनी फोन पुढं केला.

फोनवर डोंगराचा रस्ता दिसत होता, नऊ वळणांचा. प्रत्येक वळण असं की माणूस इकडून तिकडे जातो आणि जवळजवळ तिथंच परत येतो, फक्त थोडा वर. त्यावर लाल रेघ होती मेट्रनच्या पळण्याची. रेघ रस्त्यानं जात होती आणि वळण आलं की वळत नव्हती. एका बाजूनं दुसऱ्या बाजूला सरळ आरपार.

"इथं वळणा-वळणांमध्ये पायवाटा आहेत," कप्तान फार हळू म्हणाले. "शेळ्यांनी पाडलेल्या."

"आहेत," मेट्रन म्हणाली. "चोरवाटा म्हणतात त्यांना. मला माहीत आहेत. मी त्या पाहते आणि पुढं जाते."

"अंतरही कमी भरतंय."

"मग घड्याळ बिघडलं असेल."

"मलाही आधी तसंच वाटलं. म्हणून तुमचं नदीकाठच्या रस्त्यावरचं पळणं काढून पाहिलं. तिथं बिनचूक आहे. रेघ रस्त्यावर, अंतर बरोबर." कप्तानांनी चष्मा काढून पुसला. "नदीकाठी बरोबर असलेलं घड्याळ डोंगरावर गेलं की चुकतं, हे मी मंडळाला कसं सांगू? काही लोक बोलायला लागलेत."

मेट्रननं फोन खाली ठेवला. तिचे कान लाल झाले होते. जन्मभर शेवटच्या खाटेपर्यंत गेलेल्या बाईला कुणी तोंडावर सांगत होतं की तू अर्ध्यातून परत फिरलीस. ती काकांकडे वळली.

"तुम्हाला काय वाटतं?"

आता इथं काकांनी फक्त एक वाक्य बोलायचं होतं. कुठलंही चाललं असतं. पण जित्याची खोड, दुसरं काय. वर्षानुवर्षं घासलेल्या जिभेवरून जे यायचं तेच आलं.

"मीटर खोटं बोलत नाही," काका म्हणाले.

बोलून झालं आणि मग त्यांना आपण काय बोललो ते ऐकू आलं. कप्तानांनी चष्मा लगबगीनं डोळ्यांवर चढवला, रविवारी सकाळी नाव पक्कं करायचं आहे, तोवर काही कळलं तर सांगा, एवढं म्हणून ते चहा न घेता गेले.

मेट्रन भांडली असती तर परवडलं असतं. काकांनी त्याची तयारीही केली होती. ती भांडली नाही. तिनं मनगटावरचं घड्याळ सोडलं, फळीवर ठेवलं आणि म्हणाली, "घ्या तुमचं मीटर." दुसऱ्या दिवसापासून ती रिकाम्या हातानं पळायला जायला लागली आणि काकांशी वॉर्डातल्या पेशंटशी बोलावं तशी बोलायला लागली. जेवण झाकून ठेवलंय. गोळी घेतलीत का? वारा येतोय, खिडकी लावून घ्या. आवाजात राग औषधालाही नव्हता, आणि काकांना तेच सोसवेना.

त्यांचीच त्यांना लाज वाटत होती. ही बाई चोरवाटेनं जाणार नाही हे त्यांना ठाऊक होतं, स्वतःच्या हाताला पाच बोटं आहेत हे जसं ठाऊक असतं तसं. पण ती लाल रेघही त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती, आणि डोळ्यांनी पाहिलेला आकडा त्यांनी आजवर कधी नाकारला नव्हता. मन मेट्रनच्या बाजूला आणि डोळे रेघेच्या, अशा ओढाताणीत त्यांचा चहा दोनदा गार झाला. शेवटी त्यांनी ठरवलं की नुसतं बसून कुढण्यापेक्षा मीटर तपासावं. तक्रार आली की मीटर तपासायचं, हे तर त्यांच्या धंद्यातलंच होतं. फक्त या खेपेला मीटर खोटं निघावं अशी त्यांची मनापासून इच्छा होती.

कोपऱ्यावरच्या मोबाईलवाल्याकडे ते घड्याळ घेऊन गेले. त्यानं सल्ल्यांची सरबत्तीच सुरू केली. पट्टा सैल असेल, घट्ट बांधा. मागची काच घामानं माखते, पुसा. निघायच्या आधी उघड्यावर जरा थांबा, घड्याळाला उपग्रह सापडू द्या, सापडायच्या आत पळत सुटलं की ते गोंधळतं. नवं सॉफ्टवेअर आलं असेल, ते भरा. झाडी दाट असेल, डोंगर आड येत असेल तर मात्र इलाज नाही.

काकांनी काच पुसली, ती रोजच पुसत होते. सॉफ्टवेअर भरलं. पट्टा इतका घट्ट बांधला की मनगटावर वळ उठला. मग गच्चीवर जाऊन हात उंच करून उभे राहिले, उपग्रहांना नीट दिसावं म्हणून. खालच्या मजल्यावरची शेजारीण वाळवण उचलायला आली होती.

"काका, कावळे हाकताय का?"

"उपग्रह बोलावतोय," काका म्हणाले.

शेजारीण आपलं वाळवण उचलून जरा लवकरच खाली गेली.

घड्याळ बांधून ते नदीकाठच्या रस्त्यानं चालून आले. रेघ बिनचूक. म्हणजे घड्याळाचा दोष नदीकाठी सापडणार नव्हता, तो डोंगरावरच शोधायला हवा होता. त्यांनी मेट्रनला विचारून पाहिलं, एकदा फक्त बांधून जातेस का. ती म्हणाली, "तुम्हीच जा." ती हे टोमण्यानं बोलली असावी, पण काकांनी ते शब्दशः घेतलं.

काकांचे गुडघे म्हणजे गंजलेल्या बिजागऱ्या. जिना चढतानासुद्धा प्रत्येक पायरीला ते बोलायचे. तरी शुक्रवारी सकाळी काठी घेऊन, घड्याळ बांधून ते डोंगराच्या पायथ्याशी उभे राहिले. उपग्रह सापडेपर्यंत मुकाट थांबले. मग चढायला लागले आणि प्रत्येक वळण मुद्दाम बाहेरच्या कडेनं घेतलं, कठड्याला हात लावून, उद्या कुणी काही बोलायला जागा राहू नये म्हणून. चौथ्या वळणावर चोरवाट शेजारीच होती, पायांनी झिजून गुळगुळीत झालेली, वर पन्नासेक पावलांत पुन्हा रस्त्याला लागणारी. गुडघे म्हणाले, अहो, कुणी बघत नाहीये. काका तिथं काठीवर जरा टेकले, त्या वाटेकडे पाहिलं आणि रस्त्यानं पुढं गेले. आपली बायको हे रोज करते, तेही पळत, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांचा ऊर भरून आला.

वर टाकीच्या पायरीवर बसून, श्वास जागेवर आल्यावर त्यांनी फोन काढला.

लाल रेघ वळणांतून सरळ आरपार गेली होती. एकही वळण तिनं कापायचं सोडलं नव्हतं. नकाशाच्या हिशेबानं मीटरकाका पक्के चोर होते.

काका हसायला लागले. एकटेच, टाकीच्या पायरीवर बसून, काठी मांडीवर आडवी धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. जन्मभर ज्या वाक्यावर पोट भरलं ते वाक्य त्या सकाळी साफ खोटं ठरलं होतं, आणि इतका आनंद त्यांना पेन्शन मंजूर झाली तेव्हाही झाला नव्हता.

तिथूनच त्यांनी लेकीला फोन लावला. सगळी हकीकत सांगितली. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाबा, त्याची बॅटरी किती दिवस टिकते?"

"महिना," काका अभिमानानं म्हणाले.

पलीकडे लेकीनं कपाळावर हात मारल्याचा आवाज आला.

"बाबा, ते घड्याळ रोज पळणाऱ्या माणसाला आठवडाभर पुरलं तरी पुष्कळ झालं. तुम्ही त्यात काय केलंय?"

"मी कुठं काय केलंय. ते आल्या आल्या विचारत होतं, बॅटरी वाचवायची का. मी हो म्हटलं. आपल्या घरात नाही कोण म्हणणार?"

मग लेकीनं समजावून सांगितलं. घड्याळ एरवी दर सेकंदाला आपण कुठे आहोत ते टिपत असतं. बचत लावली की ते मधूनमधून डोळे उघडतं. एकदा इथं पाहतं, मग झोपतं, मग पुन्हा तिथं पाहतं, आणि या दोन जागांच्या मध्ये आपल्या मनानं सरळ रेघ ओढून टाकतं. रस्ता सरळ असेल तर काहीच बिघडत नाही, कारण सरळ रेघच खरी असते. वळणावर मात्र माणूस वळून येईपर्यंत घड्याळ झोपलेलं असतं.

"म्हणजे," काका सावकाश म्हणाले, "मधलं वाचन घेतच नाही. अंदाजानं भरतं."

"हो, तसंच."

"सरासरी बिल."

"काय?"

"काही नाही गं. ठेवतो."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. पट्टा तपासला, काच तपासली, सॉफ्टवेअर तपासलं, आकाशातले उपग्रहसुद्धा तपासले, आणि दोष होता तो बटण बंद करत फिरणाऱ्या स्वतःच्या बोटात. ज्या माणसानं परक्याच्या बंद घरालाही कधी सरासरी बिल लावलं नाही, त्यानं ते स्वतःच्या बायकोला लावलं होतं. काकांचं हसू कुठल्या कुठं गेलं.

घरी आले तेव्हा मेट्रन पलंगावर चादर घालत होती, इस्पितळातल्यासारखे कोपरे दुमडून. काकांनी दारात उभं राहूनच सगळं सांगितलं, एका दमात, काही न लपवता. ती ऐकत राहिली, हात चालूच होते.

"कधीपासून लावलंय ते?"

"घड्याळ आलं तेव्हापासून."

"म्हणजे पहिल्या दिवसापासून."

"हो."

"आणि तुम्ही डोंगर चढून आलात. त्या गुडघ्यांवर."

"हो. रस्त्यानं."

तिच्या तोंडावर हसू आलंय की काय असं काकांना वाटलं, पण तिनं शेवटचा कोपरा दुमडला आणि सरळ उभी राहिली. "बॅटरीचं राहू द्या. चूक कुणाचीही होते. पण त्या दिवशी कप्तानांसमोर तुम्ही जे बोललात ना, ते काही बॅटरीमुळं बोलला नाहीत."

मेट्रन उशीचा अभ्रा बदलायला लागली. काका बाहेर जाऊन बसले. घड्याळाची बचत काढली, नीट निघाली का ते पाहायला शनिवारी पुन्हा नदीकाठी चालून आले, संध्याकाळी परत एक फेरी मारून आले, आणि दोन्ही वेळा रेघ रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्याला धरून गेलेली पाहूनही त्यांचं समाधान झालं नाही ते नाहीच.

रविवारी सकाळी मंडळ डोंगराच्या पायथ्याशी जमलं. कप्तानांनी घसा साफ करायच्या आत काका पुढं झाले.

"आधी माझं ऐका. मेट्रनचा नकाशा मी बिघडवला. बॅटरी वाचावी म्हणून घड्याळाला अर्ध्या झोपेत ठेवलं. शुक्रवारी मी स्वतः हा रस्ता चाललो, आणि नकाशात मीही चोरवाटेनं गेलेला दिसतो. माझे गुडघे ज्यांना माहीत आहेत त्यांनी सांगावं, मी त्या वाटेनं चढू शकेन का. बोलायचं असेल त्यांनी मला बोला. चोर सोडून संन्याशाला फाशी नको."

लोक हसले. कुणी म्हणालं, काका, बॅटरी वाचली पण अब्रू गेली. काका म्हणाले, "माझी गेली, चालेल. तिची कशाला?" त्यावर हसू जरा कमी झालं. कप्तानांनी मेट्रनसमोर येऊन माफी मागितली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. एरवी हळू बोलणाऱ्या माणसाला ती जड गेली असणार, पण त्यांनी नीट मागितली.

कॅशियरबाई मात्र पुढं आल्या. "माझी काही हरकत नाही. पण जमाखर्च जुळलेला बरा. आज एकदा घड्याळ नीट चालवून पळा आणि नकाशा दाखवा. म्हणजे मागाहून माझ्याही मनात काही राहणार नाही."

"बरोबर आहे," मेट्रन म्हणाली. तिनं काकांपुढं हात केला. काकांनी घड्याळ तिच्या मनगटावर बांधलं, फार घट्ट नाही, फार सैल नाही, आणि त्याला जोडलेला फोन तिच्या कमरेच्या पिशवीत टाकला.

मेट्रन निघाली तशी कप्तानांनी हातातलं घड्याळ दाबून वेळ लावली, आणि ते, काका आणि कॅशियरबाई गाडीतून वर निघाले. दुसऱ्या वळणावर ती त्यांना दिसली. बाहेरच्या कडेनं, खांदे सैल सोडून, वॉर्डातून फेरीला निघाल्यासारखी. काकांनी काचेतून मान मागं वळवून ती दिसेनाशी होईपर्यंत पाहिलं. "आमची मेट्रन," ते म्हणाले. गाडीत न्हावी नव्हता, पण राहवलं नाही.

टाकीपाशी ते उभे राहिले. थोड्या वेळानं शेवटच्या वळणावरून पांढऱ्या केसांचा बुचडा वर आला, मग मेट्रन आली. कप्तानांनी वेळ पाहिली, पुन्हा पाहिली. आजवर मंडळातल्या कुठल्याही बाईनं इतक्या लवकर ही टाकी गाठली नव्हती. कॅशियरबाईंनी टाळ्या वाजवल्या, अगदी मनापासून.

"आता नकाशा पाहू," त्या म्हणाल्या.

मेट्रननं मनगट पुढं केलं. घड्याळाची काच काळी होती. बटण दाबलं, काळी. लांब दाबलं, तरी काळी.

काकांच्या लख्ख ध्यानात आलं. बचत काढली होती, दोन दिवस घड्याळ पूर्ण जागं ठेवून फेऱ्यांवर फेऱ्या मारल्या होत्या, आणि चार्जिंगला लावलं नव्हतं. लाल झाल्याशिवाय लावायचं नाही ना. काल रात्री ते लाल नव्हतं.

तिच्या पिशवीतल्या फोनवर घड्याळ विझेपर्यंतची, म्हणजे पाचव्या वळणापर्यंतची रेघ तेवढी आली होती. पाचही वळणं गोल, रस्त्याला चिकटून. त्यापुढं काहीच नव्हतं.

"पुढची चार?" कॅशियरबाईंनी विचारलं. त्यांच्या आवाजात कुचकेपणा नव्हता, हिशेब अर्धा राहिल्याची चुटपुट होती.

कप्तान फोनकडे पाहत राहिले. मेट्रननं फक्त काकांकडे पाहिलं, त्या संध्याकाळी पाहिलं होतं तसंच.

"तिला विचारा," काका म्हणाले.

कप्तानांनी मान वर केली.

"कुठून आली ते तिला विचारा, आणि ती सांगेल ते लिहा. मी जन्मभर मीटर वाचलंय, त्या माणसाकडून एवढं ऐका. ती नऊच्या नऊ वळणं पळालीय. मी पाहिलेलं नाही. मला पाहायची गरज नाही. त्या दिवशी घरी मी जे बोललो ते चुकीचं होतं, आणि ते मी तुमच्यासमोर बोललो होतो म्हणून आज तुमच्यासमोरच मागं घेतो."

बोलताना त्यांचा आवाज चढला होता. टाकीतून झिरपणाऱ्या पाण्याचा थेंब थेंब आवाज येत होता.

"मॅडम?" कप्तान म्हणाले.

"रस्त्यानं आले," मेट्रन म्हणाली.

कप्तानांनी कॅशियरबाईंकडे पाहिलं. त्यांनी क्षणभर विचार केला. "मग जुळलं," त्या म्हणाल्या. "शेवटचा टप्पा त्यांचा. मी तिसरा घेते. काठी मीच देईन तुमच्या हातात."

कप्तानांनी खिशातून पेन काढून नाव लिहिलं, आणि मग सगळ्यांना गाडीत बसायला सांगितलं. मेट्रन म्हणाली, तुम्ही व्हा पुढं, आम्ही चालत येतो. काकांचे गुडघे हे ऐकून दचकले, पण काका काठी सरसावून तयार झाले. हिनं आठवड्यानंतर पहिल्यांदा 'आम्ही' म्हटलं होतं.

दोघं उतरायला लागले. पहिलं वळण आलं तसा काकांचा पाय सवयीनं, बचतीच्या सवयीनंच म्हणा, आपोआप पायवाटेकडे वळला. तिथून खाली पन्नास पावलांत रस्ता दिसत होता. मेट्रननं त्यांचं कोपर धरलं.

"इकडून नाही," ती म्हणाली. "रस्त्यानं."

काका वळले. बाहेरच्या कडेनं, कठड्याला धरून, सावकाश त्यांनी ते वळण घेतलं आणि मग त्याच्या पुढचं. खाली पोचेपर्यंत मेट्रननं कोपर सोडलं नाही.